चित्राच्या पाठीवर दोन ओळी

दिवाळी अंकातली चित्रे आपण हौसेने पाहतो. पण त्या छापील चित्रामागचा मूळ कागद विकत घेता येतो, हे अलीकडे कुठे आपल्या ध्यानात येऊ लागले आहे. फार चांगली गोष्ट. माझे मागणे एवढेच, की चित्रकाराने मूळ चित्र विकताना त्याच्या पाठीवर दोन ओळी लिहाव्यात: हे कशासाठी काढले आणि कशावरून सुचले. सही असते, किंमत असते. नेमक्या या ओळी नसतात. चित्रकार दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ हा दिवाळी अंक १९४५ साली निघाला. दलाल, मुळगावकर या चित्रकारांच्या त्या काळात चित्र छपाईचा ठसा करायला जायचे आणि अंक छापून झाला की मूळ कागदाची आठवण फारशी कुणाला राहत नसे. असा एखादा कागद आज हाती आला, तर कडेला ठसेवाल्यासाठी लिहिलेले माप दिसते, चुकलेल्या रेघेवर फिरवलेला पांढरा रंग दिसतो. काम कसे झाले ते कळते. कुठल्या कथेसाठी झाले, कशावरून सुचले, ते मात्र कागद सांगत नाही.

यावर चित्रकार म्हणतात, प्रेरणा उघड केली तर गिऱ्हाईक नक्कल म्हणेल. अहो, दही लावताना विरजण शेजारून आणले म्हणून दही शेजारणीचे होते का? दूध आपले, ते किती कोमट ठेवायचे हा अंदाज आपला, भांडे आपले; थंडीत ते कशात गुंडाळून ठेवायचे ही अक्कलही आपलीच. आणि आपल्या दह्यातले चमचाभर पुढच्या घरी जाते. विरजण कुठले, हे सांगण्यात कमीपणा नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटचेच पाहा. त्याने मुघल दरबारी चित्रांवरून रेखाटने केली, त्यातली वीसहून अधिक आजही जपलेली आहेत. झाडाखाली बसलेल्या चार मौलवींचे एक चित्र त्यात आहे. तीच बैठक त्याने १६५६ च्या एका एचिंगमध्ये, म्हणजे छापचित्रात, वापरली आणि मौलवींच्या जागी बायबलमधला अब्राहम व त्याच्याकडे आलेले देवदूत बसवले. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. उलट हा धागा कळल्यावर चित्र अधिक रस घेऊन पाहिले जाते. फक्त तो धागा अभ्यासकांना चित्राशेजारी चित्र ठेवून शोधावा लागला. म्हणून पुन्हा सांगतो, पाठीवर लिहा.

दुसरा आक्षेप असा, की चित्राने स्वतःच बोलावे. बोलू द्या ना! ओळी पाठीवर आहेत, भिंतीवर चित्रच दिसणार. पण कथाचित्र मुळात कथेच्या सोबतीने जन्मलेले असते. सोबत सुटली की त्याचे अर्धे बोलणे ऐकू येत नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचा गोवा आपल्याला इतका जवळचा वाटतो, त्याला त्यांच्या चित्रमय रोजनिशींचाही हातभार आहे. त्यांची १९५१ ची रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली आणि त्यांच्या लोटली गावातली कुठली माणसे त्यांच्या रेषेत उतरली ते वाचकांना पाहता आले. प्रत्येकाची रोजनिशी छापली जाणार नाही. दोन ओळी तरी प्रत्येकाला जमतील.

लिहिताना बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेजवळ लिहावे. आणखी एक. मूळ कागद विकला म्हणून तो छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. पुनर्विक्रीतल्या चित्रकाराच्या वाट्याचीही तरतूद आपल्या कायद्यात आहे. तो विषय मोठा आहे आणि वेळ संपत आली. तेव्हा घेणाऱ्यांना एवढेच सांगतो: पैसे देण्याआधी चित्र उलटून पाहा. पाठ कोरी असेल तर चित्रकाराला प्रेमाने विचारा आणि तुमच्यासमोर, त्याच्याच अक्षरात, त्या दोन ओळी लिहून घ्या.