नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर मृत्युपत्राचा विषय काढला म्हणून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या दिसताहेत. त्यात कन्नडमध्ये त्याला ‘मरणशासन’ म्हणतात. शब्द ऐकूनच माणूस उठून जातो. आपण इच्छापत्र म्हणू. मी वकील नाही, भूमापन खात्यातला डिप्लोमावाला माणूस. मोजणीला बांधावर गेलो की जे ऐकू येते, त्यावरून बोलतो.

सगळ्यात मोठा गैरसमज नॉमिनीचा. सोसायटीत ठेव ठेवताना आपण बायकोचे किंवा थोरल्याचे नाव लिहितो आणि वाटणी झाली असे समजतो. तुमच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असेलच. 1973 साली ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर ऑगस्ट 2013 मध्ये गेले. त्यांनी 2011 साली मृत्युपत्र केलेले होते. तरी काही गुंतवणुकींवर नॉमिनी म्हणून ज्यांची नावे होती, त्यांनी मालकी सांगितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेले आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी हा मालक नव्हे. त्याने पैसे ताब्यात घ्यायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे. एवढा एकच प्रश्न, पण निकाल मृत्यूनंतर दहा वर्षांनी! (विम्यात 2015 पासून अपवाद आहे : आईवडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच.)

उताऱ्याचेही तसेच. त्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. ती नोंद महसुलापुरती.

इच्छापत्र नसेल तर वाटणी कायदा करतो, आपल्या मनाप्रमाणे नव्हे. पुण्यात नोकरी करणारा तुमचा मुलगा अकाली गेला, तर त्याच्या स्वकमाईत बायको, मुले आणि आई सारख्या वाट्याने येतात. बाप त्या रांगेत नाही! लेकीने स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला आणि तिला नवरा-मूल कोणी नसताना ती गेली, तर विवाहितेचा तो फ्लॅट आधी सासरच्या वारसांकडे जातो, माहेरचे नंतर. म्हणून हा कागद फक्त म्हाताऱ्यांनी करायचा नसतो.

आता लेकींचे. आपल्या कर्नाटकाने 30 जुलै 1994 पासूनच, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. केंद्राचा कायदा 2005 चा. बाप आधी वारला असला तरी हक्क जन्मानेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. तरी आपल्याकडे गौरीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद सरकवतात, ‘अक्का, इथं एक सही कर.’ मला हे पटत नाही. आणि कोऱ्या कागदावरची ती सही टिकतही नाही. जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते. बापानेही लक्षात ठेवावे, वडिलोपार्जित शेतात इच्छापत्र फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते चालते. स्वकमाईचे घर मात्र कोणालाही द्या.

करायचे कसे? साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुमची सही पाहून आपली करायची. वयाने तुमच्यापेक्षा लहान घ्या, कोर्टात उभे राहायला ते असले पाहिजेत. ज्याला वाटा मिळणार त्याला घेऊ नका. मराठीत लिहिलेले कायद्याने चालते. नोंदणीला कन्नड भाषांतर मागितले तर जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण वय झालेल्यांनी करावी. आणि मोजणीवाल्याची विनंती : ‘वरचं शेत थोरल्याला, विहिरीकडचं धाकट्याला’ असे लिहू नका. विहीर बुजते, बांध सरकतो. सर्व्हे नंबर, हिस्सा, घराचा सिटीएस नंबर, चतुःसीमा लिहा.

ट्रस्ट प्रत्येकाला लागत नाही. पण घरात स्वतःचे व्यवहार न कळणारे मूल असेल, तर त्याचा वाटा भावाच्या भरवशावर सोडू नका. इच्छापत्रातच ट्रस्ट करून, दोन विश्वस्त नेमून, खर्च कशावर करायचा ते लिहिता येते. त्यासाठी मात्र वकील गाठाच.

कागद कपाटात साड्यांखाली ठेवून कोणाला सांगितलेच नाही, असेही होते. बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय कायद्यात आहे. आरतीला अजून अर्धा तास आहे. उतारे घेऊन आलेल्यांनी पुढे यावे.