संशय म्हणजे सिद्धता नव्हे

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे हे नाव न्यायाच्या संदर्भात आपण आदराने उच्चारतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरविण्यास ते कचरले नाहीत. त्यांचे हे धैर्य सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्यांनी आधी चौकशी केली आणि मग निर्णय दिला, हा क्रम सहसा कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरी बसून द्यावयाच्या परीक्षांचा विचार करताना मला हा क्रमच महत्त्वाचा वाटतो.

या परीक्षा आपल्याकडे आल्या त्या महामारीच्या काळात. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका राज्य शासनाने जून २०२० मध्ये घेतली होती. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, परीक्षेची तारीख पुढे ढकलण्याची मागणी राज्यांना करता येईल, पण परीक्षेविना पदवी देता येणार नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्यातील विद्यापीठांनी या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन व बहुपर्यायी स्वरूपात घेतल्या. देखरेखीची पद्धत विद्यापीठागणिक निराळी होती.

या पद्धतीत काहीच चांगले नाही, असे मी म्हणणार नाही. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. जत, आटपाडी किंवा पाटणच्या डोंगरातील विद्यार्थ्याला एस.टी.चे भाडे आणि शहरातील मुक्कामाचा खर्च वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच पाटणच्या खोऱ्यात जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळल्या आणि कृष्णेच्या पुराने सांगलीला वेढले. अशा दिवसांत वीज गेली आणि संपर्क तुटला, तर तो विद्यार्थ्याचा अपराध कसा म्हणावा?

विधी शिक्षणाच्या क्षेत्रात या प्रश्नाचा निवाडाही झाला आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने ३ सप्टेंबर २०२० रोजी स्वतंत्र प्रवेश परीक्षा जाहीर केली आणि १२ सप्टेंबरला ती घरबसल्या, दूरस्थ देखरेखीखाली घेतली. अवघ्या नऊ दिवसांची पूर्वसूचना आणि त्यात तांत्रिक अटी! २१ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्दबातल ठरविली. अशा परीक्षेत पारदर्शकता व सचोटी टिकविता येत नाही. तसेच अल्प मुदत आणि तांत्रिक अटी यांमुळे अनेक विद्यार्थी वंचित राहतात व समानतेच्या तत्त्वाला बाधा येते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

आता देखरेखीच्या यंत्रणेकडे पाहू. आरंभी ओळखपत्रासह छायाचित्र घेतले जाते. नंतर कॅमेरा चेहरा टिपतो आणि ध्वनिग्राहक आवाज टिपतो. नजर वळली, खोलीत दुसरा चेहरा दिसला, आवाज झाला की संगणक संशयाची खूण करतो. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तिथे अशी खूण होण्याची शक्यता अर्थातच अधिक. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वकिलीच्या सनदेसाठीची परीक्षा याच पद्धतीने झाली. सुमारे नऊ हजार परीक्षार्थींपैकी तीन हजारांहून अधिक जणांवर अशा खुणा झाल्या. पुढे पडताळणीत त्यांतील बहुतेक जण निर्दोष ठरले. तेथीलच ओहायो राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये एका न्यायालयाने, परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्याने निरीक्षण करणे ही घटनाबाह्य झडती आहे, असा निर्णय दिला. आपल्याकडेही २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे.

तुम्ही भारतीय साक्ष्य अधिनियम शिकता. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना प्रमाणपत्र लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकल्याविना निर्णय नाही, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तर पहिल्याच वर्षी शिकविले जाते. मग हे तत्त्व वर्गात शिकवायचे आणि परीक्षेत बाजूला ठेवायचे, हे कसे चालेल?

म्हणून अशा परीक्षांत तीन गोष्टींचा आग्रह धरावा. यंत्राची खूण हा केवळ चौकशीचा आरंभ मानावा, निर्णय माणसाने विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून द्यावा. ज्याच्या घरी सोय नाही त्याला जवळच्या महाविद्यालयात केंद्राचा पर्याय द्यावा. आणि चित्रीकरण कोणाकडे व किती काळ राहणार, हे परीक्षेपूर्वी लेखी कळवावे.

मात्र हा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार प्रामाणिक विद्यार्थ्यालाच आहे. परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. नक्कल करणारा विद्यार्थी शेजारच्या कष्टाळू मित्राचे गुणपत्रक निरर्थक करतो आणि सगळ्यांवर पहारा बसविण्याचे निमित्त देतो. उद्या न्यायालयात अशिलाची कागदपत्रे तुमच्या हाती विश्वासाने दिली जातील. तिथे तुमच्यावर कॅमेरा रोखलेला नसेल. त्या विश्वासाची तयारी आजच्या परीक्षेपासून करावी, एवढेच सांगून मी थांबतो.