फॉर्मवरची सही तिचीच असते

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दिवस गेलेले असताना परदेशी जायचे तर फॉर्मवर काय लिहायचे, हा विषय मंडळाने मला दिला. ऐकून दोघी-तिघी हसल्या. वर्धापनदिनाला हा कसला विषय? पण बघा, आपल्या वस्तीत एकेकाळी पासपोर्ट असलेली घरे बोटावर मोजण्याइतकी होती. आज कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा जावई न्यू जर्सीला, कुणाची लेक राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर लंडनला. वय तरुण, लग्न नवे. प्रवास आणि दिवस दोन्ही एकदमच येतात. मग घरात कुजबुज सुरू होते. एजंट म्हणतो, "ताई, पोट दिसत नाही तोवर इंटरव्ह्यू उरकून घ्या. कशाला सांगायचं?"

मी वकील नाही. वस्तीतल्या पोरापोरींचे फॉर्म भरून देता देता जे कळले तेवढेच सांगते.

अमेरिकेचे आधी सांगते, कारण गैरसमज तिथलाच मोठा. तिथल्या परराष्ट्र खात्याने २४ जानेवारी २०२० पासून नियम लागू केला. बी व्हिसा, म्हणजे फिरायला, नातेवाइकांना भेटायला थोड्या दिवसांसाठी जाण्याचा व्हिसा. तो मागणारी बाई त्या मुक्कामातच बाळंत होईल असे अधिकाऱ्याला सकारण वाटले, तर ती बाळाला तिथले नागरिकत्व मिळवायलाच निघाली आहे, असे तो धरून चालतो. तसे नाही हे तिने दाखवायचे. उपचारासाठीच जायचे असेल तर दवाखान्याची व्यवस्था आणि खर्चाचे पैसे दाखवायचे. नियम एवढाच आहे. गरोदर बाईने प्रवास करू नये असे त्यात कुठेही नाही. सरसकट प्रत्येक बाईला "दिवस गेलेत का" असे विचारू नये, अशी सूचना त्यांच्याच अधिकाऱ्यांना आहे. पाचव्या महिन्यात बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस जाऊन यायचे असेल तर खुशाल जावे. बाळंतपणाची तारीख लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आणि परतीचे तिकीट जवळ ठेवावे, आणि विचारले तर खरे सांगावे. विमानतळावर उतरल्यावरही विचारू शकतात, तिथेही तेच.

आणि हा नियम फक्त बी व्हिसाचा आहे, बरं का! नवरा नोकरीच्या व्हिसावर तिकडे आहे आणि बायको एच-४ वर त्याच्याकडे राहायला चालली आहे, किंवा मुलगी एफ-१ वर शिकायला चालली आहे, तिला हा नियम लागत नाही. तिने पोट लपवायचे कारणच नाही. तरी आपल्या बायका लपवतात. कारण कुणीतरी सांगितलेले असते.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाव सांगत नाही. आपल्यातलीच एक सून. नवरा तिकडे, हिला पाचवा महिना. एच-४ च्या इंटरव्ह्यूची तारीख लांबची मिळाली. एजंट म्हणाला, टुरिस्टची तारीख लवकर मिळतेय, फिरायला जाते असं लिहू, तिकडे गेल्यावर बघू. सासूबाईंना पटले. "बाळ अमेरिकेचं होईल," एवढेच त्यांच्या डोक्यात. पोरगी फॉर्म घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मी फिरायला नाही चालले. मी नांदायला चालले." मला वाटते, सगळा कायदा तिने त्या दोन वाक्यांत सांगितला. अधिकारी मुळात विचारतो तेच हे, की तू कशासाठी चालली आहेस?

त्या फॉर्मला डीएस-१६० म्हणतात. त्यात एक प्रश्न असतो: हा फॉर्म भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? एजंट स्वतः फॉर्म भरतो आणि तिथे 'नाही' असे टाकतो. म्हणजे पहिले खोटे तिथेच झाले, तेही बाईच्या नावावर. फॉर्म कुणीही भरो, सही अर्जदारानेच करायची असते. एजंटचे नाव कुठेच राहत नाही. फी घेऊन तो मोकळा, आणि जबाब द्यायला खिडकीपुढे ही एकटी. आपल्या घरांत बायकांचे कागद दुसरेच भरतात, बाई नुसती सही करते. ही सवय रेशनकार्डापासूनची आहे आणि ती मोडली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता धोका कशात आहे ते नीट ऐका. खरे सांगितले आणि व्हिसा नाकारला, तर दुःख होते, फी जाते. पण पुन्हा अर्ज करता येतो. पुढच्या फॉर्मवर 'आधी नाकारला होता' असे लिहायचे, बस्स. खोटे पकडले गेले आणि 'जाणूनबुजून खोटी माहिती दिली' अशी नोंद झाली, तर अमेरिकेच्या कायद्यात ती बंदी जन्मभराची आहे. सूट मागता येते, पण देणे न देणे त्यांच्या मर्जीवर. कॅनडात खोट्या माहितीला पाच वर्षांची बंदी, इंग्लंडमध्ये अर्जात फसवणूक केली तर दहा वर्षांची. विचार करा, नवरा तिकडे आणि बायकोला बंदी!

बरे, ज्यासाठी हे करायचे ते तरी मिळते का? इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसते तिथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाप तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून साधारण तसेच. आयर्लंडने २००४ साली मतदान घेऊन जन्माचा हक्क काढला. मस्कत, दुबईत तो नाहीच. अमेरिकेत बाळ नागरिक झाले तरी ते २१ वर्षांचे होईपर्यंत आईबापांसाठी अर्ज करू शकत नाही. शिवाय तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या बाळांना नागरिकत्व नाकारणारा आदेश तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ ला काढला, कोर्टांनी तो अडवला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बिलाचे वेगळेच. प्रवासी विम्यात बाळंतपण बहुधा धरलेले नसते. इंग्लंडमध्ये पाहुण्या बाईचे बाळंतपण अडवत नाहीत, हे त्यांचे चांगले. पण नंतर दीडपट दराने बिल देतात आणि ५०० पौंडांवर थकले तर पुढचा व्हिसा अडकू शकतो.

आणखी एक खोटे इकडे चालते. बाळाला तिकडचा पासपोर्ट मिळालेला असतो, तो लपवून इकडचाही काढतात. परदेशात जन्मलेल्या बाळाची आपल्या वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद करता येते, पण 'याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही' असे आईबापांना लिहून द्यावे लागते. पोर बोलायला शिकण्याआधीच त्याच्या नावावर खोटा कागद! भगवान बुद्धांनी राहुलाला भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून खोटे बोलणाऱ्याविषयी काय सांगितले, ते येथे सर्वांना माहीत आहे. तेव्हा राहुल लहानच होता.

मुली विचारतात, मग न विचारता आपणहून सगळे सांगायचे का? नाही. पोट ही तुमची खासगी बाब आहे, जाहिरात करायची गरज नाही. विचारले तर खरे सांगायचे, आणि जाण्याचे कारण लिहाल ते खरे लिहायचे. विमान कंपनीचे मात्र वेगळे. बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६ नंतर नेत नाहीत. तिथे आठवडे कमी सांगितले तर धोका बाळंतिणीच्याच जिवाला.

त्या सुनेचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिने टुरिस्टचा फॉर्म भरला नाही. एच-४ ची तारीख येईतो डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मुलगी इथेच, महापालिकेच्या दवाखान्यात झाली. बापाने तिला फोनवर पाहिले. चार महिने सासूबाई सुनेशी धड बोलल्या नाहीत, तेही खरे. पुढे लेकीचा इकडचा पासपोर्ट काढला, मायलेकींचे व्हिसे एकदम झाले. इंटरव्ह्यूला अधिकाऱ्याने विचारले, आधी का नाही आलात? ती म्हणाली, बाळंत व्हायची होते. त्याने पुढचा प्रश्न विचारला.

रविवारी वंदनेनंतर मी तासभर इथेच असते. कुणाला फॉर्म भरायचा असेल त्यांनी पासपोर्ट आणि डॉक्टरांचे कागद घेऊन यावे. मात्र जिचा फॉर्म आहे तिने स्वतः यावे, नवऱ्याला किंवा दिराला पाठवू नये.