शूर कोणाला म्हणायचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळेचा हिशोब चुकणार नाही.

विषय मीच निवडला, आणि तो आपल्या कट्ट्यावरून उचलला. रौप्यमहोत्सवासाठी इमारतीला बाहेरून रंग लागला, तेव्हा सातव्या मजल्यावर झुल्यावर बसलेले रंगारी बघून खालची मुलं ओरडायची, "हीरो! हीरो!" त्यावरून आम्हा ज्येष्ठांत वाद झाला. एक जण म्हणाले, "मुलांचं बरोबर आहे. जीव धोक्यात घालून काम करतात, म्हणजे हीरोच." दुसरे म्हणाले, "हीरो कसले? पैसे घेतात, काम करतात." चहा संपला, वाद मिटला नाही. मला दोन्ही बाजू अर्ध्याअर्ध्याच पटल्या. उरलेलं अर्धं आज मांडतो.

पहिला प्रश्न असा, की धोका पत्करला म्हणजे शौर्य झालं का? तसं असेल तर हेल्मेट न घालता, मोबाईल कानाला लावून हायवेवर बाईक पळवणारा पोरगा सर्वांत शूर ठरेल. लोकलच्या दारात लटकून खांब चुकवणाराही शूर ठरेल. आपण त्यांना शूर म्हणत नाही. आपण काय म्हणतो ते इथे मुलांसमोर सांगत नाही. कारण त्यांच्या धोक्याचा कोणालाच उपयोग नाही. म्हणजे नुसता धोका पुरत नाही, काम दुसऱ्याच्या उपयोगाचं असावं लागतं.

दुसरा प्रश्न. काम उपयोगाचं आहे, धोक्याचं आहे, आणि माणूस ते उत्तम करतो. मग तो हीरो का?

इथे मला आमच्या बँकेतले एक गार्ड आठवतात. काही वर्षं माझ्याकडे शाखांना रोकड पोचवायचं काम होतं. करन्सी चेस्टमधून ट्रंका मोजून घ्यायच्या, सील करायच्या, व्हॅनमध्ये चढवायच्या. सोबत बंदूकधारी गार्ड, माजी सैनिक. त्यांचा शिरस्ता असा, की निघायची वेळ रोज वेगळी आणि रस्ताही वेगळा. तो रस्ता ड्रायव्हरला कळणार गाडीत बसल्यावर. वाटेत चहाला थांबायचं नाही. शाखेसमोर गाडी उभी राहिली की आधी ते उतरणार, दोन्ही बाजू बघणार, मगच मागचं दार उघडणार. आम्हा तरुण मंडळींना कंटाळा यायचा. पण त्यांच्या सगळ्या नोकरीत काही घडलं नाही, बंदूक एकदाही उडाली नाही. निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि ग्रुप फोटो. शौर्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण सांगण्यासारखा प्रसंगच नव्हता.

माझ्या मते त्यांची थोरवी त्या न घडलेल्या प्रसंगांतच होती. धोक्याचं काम जितकं चांगलं करावं, तितकं ते बाहेरून साधं दिसतं. आपल्या रंगाऱ्यांपैकी एकाला मी माझ्या गॅलरीतून विचारलं होतं, "भीती नाही वाटत?" तो हात न थांबवता म्हणाला, "वाटते ना काका. वाटते म्हणूनच दोर दोनदा बघतो." अशा माणसासाठी आपल्याकडे जुना आणि चांगला शब्द आहे, कसबी. कसबी म्हणणं म्हणजे कमी लेखणं नव्हे. हीरोच्या हातून एकदा मोठं काम होतं. कसबी माणूस रोज काम करतो आणि रोज संध्याकाळी धडधाकट घरी जातो.

मग शूर कोण? माझी समजूत अशी, की पगार आणि नेमणूक जिथे संपते त्याच्या पुढचं पाऊल जो स्वतःहून, दुसऱ्यासाठी टाकतो, तो शूर.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपल्यापैकी सगळ्या मोठ्यांना आठवते. गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे होते. सातारा जिल्ह्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. समोर एके-४७ आणि यांच्या हातात लाठी. त्यांनी त्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून तो दहशतवादी जिवंत हाती लागला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. नाकाबंदीला उभं राहणं ही त्यांची ड्यूटी होती. रिकाम्या हातानं नळी धरणं कोणत्याही ड्यूटीत लिहिलेलं नव्हतं.

दुसरं उदाहरण मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोतचं. विमानातल्या प्रवाशांची सेवा करण्याच्या नोकरीला धोक्याची नोकरी कोणी म्हणत नाही. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत तिच्या विमानाचं अपहरण झालं. शेवटी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिनं आधी प्रवाशांना बाहेर काढलं, आणि त्यातच ती गेली. वय पुरतं तेवीसही नव्हतं. तिलाही अशोकचक्र. आता बघा, ओंबळ्यांचं काम धोक्याचं, नीरजाचं नव्हे, तरी मान दोघांचा सारखाच. म्हणजे शौर्य कामाच्या धोक्यावरून ठरत नाही, माणसाच्या त्या क्षणाच्या निर्णयावरून ठरतं.

इथवर कट्ट्यावरची दोन्ही मंडळी माझ्यावर खूश असतील. आता थोडं कडू बोलतो.

शूर हा शब्द फार चांगला आहे, पण तो फुकट मिळतो. आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीनं माणसं आपली देणी भागवायला बघतात.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. जहाजावर सोनंही होतं, आणि आपल्या लोकांच्या लक्षात तेवढंच जास्त राहिलं आहे. दुपारी आग लागलेली दिसली. जहाज जागीच बुडवायचं की बंदराबाहेर न्यायचं, याचा निर्णय वरच्या मंडळींत वेळेत झाला नाही. तोवर अग्निशमन दलाची माणसं पाणी मारत राहिली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, मग अर्ध्या तासानं दुसरा. शहरात शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. म्हणून देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना दिली जाते. ती द्यायलाच हवी. पण मानवंदना देताना हाही प्रश्न मनात यावा, की कापूस आणि दारूगोळा एका जहाजात कोणी येऊ दिला? त्या जवानांचं शौर्य खर्ची पडलं ते दुसऱ्यांच्या बेफिकिरीपायी.

ताजी गोष्ट घ्या. २०२३ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, उत्तराखंडात सिलक्याराचा बोगदा कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. मोठमोठी यंत्रं आणली. शेवटच्या काही मीटरवर यंत्रही मोडून पडलं. तेव्हा 'रॅट मायनर' म्हणतात ती माणसं अरुंद पाइपात शिरली आणि त्यांनी हातानं माती काढली. ज्या पद्धतीच्या कोळसा खाणींवर २०१४ पासून हरित लवादाची बंदी होती, तेच कसब शेवटी कामाला आलं. सतराव्या दिवशी ४१ च्या ४१ जण बाहेर आले. देशानं त्या खोदणाऱ्यांना हीरो म्हटलं, टीव्हीवर आणलं, हार घातले. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्याच एकाचं दिल्लीतलं घर अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. घर कायदेशीर होतं की नव्हतं या वादात मी शिरत नाही. मी एवढंच म्हणतो, की हीरो या शब्दावर कोणती बँक कर्ज देत नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

आणि आता ते काम, ज्याला आपण हीरोसुद्धा म्हणत नाही. गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरण्याचं. तिथे विषारी वायू साचलेला असतो. तो जास्त झाला की त्याचा वाससुद्धा कळेनासा होतो. पहिला माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. दुसरा आणि तिसरा माझ्या व्याख्येत पूर्ण बसतात. नेमणूक नव्हती, पगार नव्हता, सोबत्यासाठी उतरले. पण त्यांना शूर म्हणताना माझी जीभ अडखळते. पहिल्यालाच आत उतरवलं नसतं, तर या दोघांना शूर व्हायची गरजच पडली नसती. पहिल्यानं तरी हे काम हौसेनं निवडलं होतं का? ही माणसं पिढ्यानपिढ्या कोणत्या वस्त्यांतून आणि कोणत्या जातींतून येतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बोलायला अवघड वाटतं म्हणून बोलणं टाळू नये. पोटासाठी दुसरी वाट नसलेल्या माणसाच्या धाडसाचं कौतुक करणं ही त्याची थट्टा आहे.

२०१३ च्या कायद्यानं माणसाला संरक्षणाशिवाय असं टाकीत उतरवायला मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मनाई फक्त महापालिकेला नाही, काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. म्हणजे आपल्यालाही. आणि असा मृत्यू झाला तर तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे.

आता आपल्या घरात येतो. रंगकामाच्या वेळी मी कंत्राटदाराला विचारलं, "यांचे सेफ्टी बेल्ट कुठे आहेत?" तो हसून म्हणाला, "साहेब, सवय आहे त्यांना." सवय! जणू काही खाली पडायचीही सवय असते. बेल्ट, प्रत्येकाला वेगळा दुसरा दोर आणि विमा, यासाठी जास्तीची रक्कम द्यायची की नाही, यावर आपल्या जनरल बॉडीत पाऊण तास चर्चा झाली. शेवटी मंजूर झालं, त्याबद्दल सर्व सभासदांचे आभार. पण त्या पाऊण तासात एक वाक्य वारंवार ऐकू आलं, "ते लोक धीट असतात हो." मंडळी, त्यांच्या धीटपणावर आपण आपले पैसे वाचवायचे, याला बँकेच्या भाषेत दुसऱ्याच्या खात्यातून उचल म्हणतात.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात तीन गोष्टी ठरावाच्या रूपात घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

एक, आपल्या आवारातल्या मैल्याच्या टाकीत यापुढे कोणीही माणूस उतरणार नाही. सक्शनची गाडी बोलवायची. ती उशिरा आली, महाग पडली, दोन दिवस वास आला, तरी चालेल. उंचावर काम करणाऱ्यांचा बेल्ट आणि विमा प्रत्येक कंत्राटात लिहिलेला असेल, त्यावर पुन्हा पाऊण तास नको.

दोन, अग्निशमनाची यंत्रणा. राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि दर जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडून घ्यायचं असतं. ते नुसतं फायलीला लावायला नको. त्या दिवशी होज रील खरोखर उघडून पाणी येतं का, हे दोन सभासदांनी उभं राहून बघावं. मी एक नाव देतो, दुसरं कोणीतरी द्यावं.

तीन, ही सर्वांत अवघड. जिन्यातल्या कुंड्या, चपलांची कपाटं, जुन्या सायकली काढायच्या, आणि गेटपासून मागच्या विंगपर्यंतच्या वाटेवर एकही गाडी लावायची नाही. पाहुण्यांचीही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाच्या प्रमुखांसह चार अधिकारी आपण गमावले. ही माणसं कोणाच्या तरी घरासाठी गेली. आपल्याकडे कधी बंब आलाच, तर त्या जवानांना धुरात आपल्या कुंड्यांना अडखळत चढावं लागू नये. त्यांच्या अंगात शौर्य आहेच. ते आपल्या पसाऱ्यावर खर्च करायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी शेवटचं. झुल्यावरच्या दादाला हीरो म्हणालात, त्यात काही वाईट नाही. पण पुढच्या वेळी हाक मारण्याआधी वर बघा, त्याच्या कमरेला बेल्ट आहे का. नसेल तर टाळ्या वाजवू नका. तडक सेक्रेटरी काकांकडे जा आणि त्यांना विचारा, का नाही?

ठरावाला अनुमोदन कोण देतंय, ते कमिटीनं लिहून घ्यावं.