दम दाखवू नका, दम राखा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना माझ्या तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय किकबॉक्सिंगचा आहे. पण पंच कसा मारायचा, किक कशी मारायची, ते नाही. आज बोलायचंय दम लागण्याबद्दल. स्पारिंगमध्ये दुसऱ्या राउंडला हात दगडासारखे जड होतात, तोंड उघडं पडतं, घड्याळ पुढे सरकतच नाही, त्या अवस्थेबद्दल. आणि हा विषय मी का घेतोय, तर त्या अवस्थेत मी एक चूक केली आणि ती मला बऱ्यापैकी महागात पडली. ते आधी सांगतो.

शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. घरी यायला पहाटेचे तीन वाजले. शनिवारी सकाळी सात वाजता स्पारिंग. शहाणा माणूस झोपला असता. मी चार तासांपेक्षा कमी झोप, पोटात फक्त एक कॉफी, आणि 'आपण काय चुकवत नाही बाबा' हा माज घेऊन जिममध्ये हजर.

पहिला राउंड मस्त गेला. खरं तर नको इतका मस्त गेला, कारण मी बॅगवर मारतो तसा सुटलो होतो. दुसऱ्यात धाप लागली. तिसऱ्यात समोर आमच्याकडचा एक ज्युनियर आला, १९ वर्षांचा कॉलेजचा पोरगा. सरांनी विचारलं, "ठीक आहेस ना रे?" मी मान डोलावली. बोलायला श्वासच नव्हता, पण 'नको सर' म्हणायची लाज वाटली.

मिनिटभरात माझा गार्ड छातीपर्यंत खाली आला होता. ते मला कळलंही नाही. त्याने हलकीच हाय किक टाकली, स्पारिंगमध्ये टाकतात तशी. नेमका त्याच वेळी मी थकून खाली वाकलो आणि स्वतःहून त्या किकमध्ये शिरलो. पडलो वगैरे नाही. राउंड पूर्ण केला, हसलोसुद्धा. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, उजेड नकोसा झाला. सोमवारी स्क्रीनवरचे लॉग वाचताना मळमळायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय. स्क्रीन कमी करा आणि मी सांगेपर्यंत स्पारिंग बंद.

आई म्हणाली, "पैसे देऊन मार खायला कुणी सांगितलंय तुला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. तो पोरगा रोज मेसेज करायचा, "दादा, बरं वाटतंय का आता?" त्याची काहीच चूक नव्हती. तरी पुढे कितीतरी दिवस त्याने कुणाच्याच डोक्याकडे किक टाकली नाही. माझ्या थकण्याची किंमत त्यानेही मोजली.

तेव्हा पहिला मुद्दा हाच. स्पारिंगमध्ये थकणं हा फक्त फिटनेसचा प्रश्न नाही. थकलेल्या माणसाचे हात खाली येतात, डोळे उशिरा बघतात आणि त्याच्या स्वतःच्या फटक्यांवरही त्याचा ताबा राहत नाही. म्हणजे तो स्वतःला धोकादायक असतो आणि समोरच्यालाही. आणि एक गैरसमज काढून टाका. हेडगिअरने कापणं-सुजणं कमी होतं, पण कवटीच्या आत मेंदू हलतो ते हेडगिअर थांबवू शकत नाही.

आता मुळात दम लागतो का?

वाको या जागतिक संघटनेच्या हौशी स्पर्धांमध्ये साधारण २ मिनिटांचे ३ राउंड असतात, मध्ये १ मिनिट विश्रांती. म्हणजे एकूण लढत ६ मिनिटांची. मी न थांबता सिंहगड चढतो. मग ६ मिनिटांत माझी वाट का लागते?

कारण शरीराकडे ताकद पुरवायचे वेगवेगळे मार्ग आहेत. एकदम जोरात फटके मारायला स्नायूंमध्ये साठवलेली तयार ऊर्जा लागते. ती साधारण १० सेकंदांत संपत येते. त्यानंतर शरीर ऑक्सिजनची वाट न बघता साखर फोडून काम चालवतं. हे काम झटपट होतं, पण मिनिट-दीड मिनिटात हात-पाय भरून येतात. तिसरा मार्ग ऑक्सिजनचा. तो सावकाश चालतो, पण तासन्‌तास चालतो. सिंहगड चढताना मी जास्त करून या तिसऱ्यावर असतो. स्पारिंगमध्ये घंटा वाजल्यापासून सुटलो, तर पहिले दोन लगेच रिकामे करून बसतो.

यात एक चांगली बातमी आहे. ती पहिली, तयार ऊर्जा परत भरते. अर्धा मिनिट जरी जोर कमी केला तरी तिचा बराचसा भाग भरून येतो. अट एकच, तेव्हा श्वास चालू पाहिजे, कारण ती भरायला ऑक्सिजन लागतो. सगळा खेळ इथे आहे. राउंडभर सारखं लढायचं नसतं. छोटा जोर, मग छोटी विश्रांती, परत छोटा जोर. आणि विश्रांती घेतोय हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

दुसरं कारण म्हणजे भीती. हे कुणी कबूल करत नाही, मी करतो. समोरून फटका येणार म्हटल्यावर आपण जबडा आवळतो, खांदे कानापर्यंत नेतो, मुठी घट्ट करतो आणि श्वास धरून ठेवतो. फोनचं उदाहरण घ्या. तुम्ही एकच ॲप वापरताय, पण मागे दहा ॲप चालू आहेत आणि ब्राइटनेस फुल्ल. बॅटरी कशाने संपली? आवळलेले खांदे, दाबलेला जबडा, धरलेला श्वास ही ती मागे चालणारी ॲप. एकही फटका न मारता तुम्ही थकता.

बरा होऊन परत गेलो तेव्हा सरांनी मला आमच्या जिममधल्या काकांबरोबर लावलं. काका बँकेत आहेत, पन्नाशीला टेकलेत, पोट आहे. आणि मंडळी, काका दमत नाहीत! सर म्हणाले, "तू फक्त जॅब मारायचा आणि काका काय करतात ते बघायचं." तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. काकांकडून जे शिकलो ते सांगतो.

पहिलं, प्रत्येक फटक्याबरोबर श्वास बाहेर. दातांमधून 'सुस्स' असा छोटा आवाज. फटका खातानाही तसंच. श्वास बाहेर टाकला की आत आपोआप येतो, तो ओढायला लागत नाही. आपण नवशिके चार पंचांचं कॉम्बिनेशन एका धरलेल्या श्वासात मारतो आणि मग मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं करतो.

दुसरं, मूठ फक्त लागताना घट्ट. बाकी वेळ हात सैल, पण गालाजवळ. सैल म्हणजे खाली नव्हे, हा फरक मला महागात कळलाय.

तिसरं, कमी आणि स्वस्त फटके. किक महाग असते, कारण अख्खं शरीर फिरवायचं असतं. त्यातून चुकलेली किक सगळ्यात महाग. लागली तर समोरच्याच्या अंगावर थांबते, चुकली तर तुम्हालाच ब्रेक लावून स्वतःला परत स्टान्समध्ये आणावं लागतं. जॅब स्वस्त. टीप, म्हणजे पुढच्या पायाने ढकलायची ती सरळ किक, तीही तशी स्वस्त. ती बसली की समोरचा दोन पावलं मागे जातो आणि तुम्हाला दोन श्वास फुकट मिळतात. काका दर राउंडला मोजून तीन-चारदा जोरात जातात, बाकी वेळ जॅब, टीप आणि चालणं.

चौथं, सरळ मागे पळायचं नाही. मागे गेलं की समोरचा पाठलाग करतो आणि तुम्ही दुप्पट पळता. काका एक पाऊल बाजूला टाकतात. समोरच्याला पूर्ण वळावं लागतं, काका तेवढ्यात श्वास घेतात. तो खर्च त्याच्या खात्यावर.

पाचवं, मधलं ते एक मिनिट. मी आधी या मिनिटात बडबड करायचो, ग्लोव्हज काढायचो, घटाघटा पाणी प्यायचो. आता काय करतो? नाकाने आत, तोंडाने लांब बाहेर, असे आठ-दहा श्वास. पाणी दोन घोट. आणि सरांची एकच सूचना ऐकायची. तीन ऐकल्या तर एकही आठवत नाही.

इथे कुणीतरी मुहम्मद अलीचं उदाहरण देणारच, म्हणून आधीच बोलतो. ३० ऑक्टोबर १९७४, झैरेमधलं किन्शासा. समोर २५ वर्षांचा जॉर्ज फोरमन, तोपर्यंत एकही लढत न हरलेला. अली ३२ वर्षांचा. तो दोरांना टेकून गार्डमागे राहिला, फोरमनला मारू दिलं, मिठी मारून त्याची मान खाली दाबत राहिला. फोरमन मारून मारून थकला आणि आठव्या राउंडला अलीने त्याला पाडलं. जबरदस्त गोष्ट आहे. पण त्यातून काय घ्यायचं? फोरमनची चूक घ्या, म्हणजे प्रत्येक फटका पूर्ण ताकदीने मारू नका. अलीचा मार खाण्याचा भाग घेऊ नका. तो जागतिक अजिंक्यपदासाठी लढत होता. आपण शनिवारी सकाळी लढतो आणि सोमवारी आपल्याला स्टँडअपला बसायचंय. मार खाऊन विश्रांती घेणं ही विश्रांती नाही.

आता रिंगच्या बाहेरचं पटकन सांगतो. आठवड्यातून दोन-तीनदा सावकाश पळा, इतकं सावकाश की पळता पळता बोलता आलं पाहिजे. कंटाळवाणं आहे, पण तो ऑक्सिजनचा मार्ग याने रुंद होतो आणि राउंडमधली छोटी विश्रांती जास्त कामाला येते. फोनवर राउंड टायमर लावून दोरीच्या उड्या मारा, म्हणजे राउंड किती लांब असतो ते अंगाला कळतं. जेवण स्पारिंगच्या दोन-तीन तास आधी. सकाळचं सेशन असेल तर एखादं केळं तरी खा, माझ्यासारखं कॉफीवर जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये जिम असेल तर राउंड कमी करा, त्यात कमीपणा नाही. आणि झोप झाली नसेल तर जा, पण फक्त पॅड आणि बॅग करा. स्पारिंग नको.

डोक्याला लागल्यावर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेडाचा त्रास, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी थांबा, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय परत उतरू नका. मी दोन दिवस उशीर केला. तुम्ही करू नका.

माझे आजोबा तरुणपणी गावच्या तालमीत जायचे. त्यांच्या तोंडी 'दमसास' हा शब्द असायचा. मला लहानपणी वाटायचं, दमसास म्हणजे खूप वेळ न थकणं. आता वाटतं, आपल्यात किती शिल्लक आहे ते प्रत्येक क्षणी माहीत असणं, हाही दमसासच.

गेल्या शनिवारची गोष्ट सांगून थांबतो. तिसरा राउंड, समोर तोच पोरगा. मिनिटभर छान चाललं. मग जॅब मारून हात परत आणला आणि जाणवलं, हात गालापर्यंत आला नाही. हनुवटीच्याही खाली थांबला. श्वास 'सुस्स' करत नव्हता, भात्यासारखा चालला होता. मी एक पाऊल मागे घेतलं, हात वर केला आणि म्हणालो, "सर, बस. आज एवढंच."

मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. सर म्हणाले, "ठीक. पाणी पी." बस, एवढंच. आणि त्या पोराने ग्लोव्ह पुढे केला, मी त्यावर ग्लोव्ह टेकवला. तो म्हणाला, "बरं झालं दादा, मीपण मेलो होतो." दोघंही थकलो होतो आणि दोघंही एकमेकांची वाट बघत होतो!

तर मंडळी, या आठवड्यात एकच करून बघा. पुढच्या स्पारिंगला एक राउंड फक्त जॅब आणि श्वास. काय झालं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. आणि ज्या मित्राला 'नको' म्हणायची लाज वाटते, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हात वर, खांदे सैल. काळजी घ्या!