घरच्यांच्या दातांबद्दल थोडंसं
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू दातांचा डॉक्टर आहेस, तर दातांवर पंधरा-वीस मिनिटं बोल. पण जेवणाआधी बोल, नंतर कुणी ऐकणार नाही.’ तेव्हा तुमच्या भुकेची जाणीव ठेवूनच बोलतो.

सकाळपासून आपण एकमेकांना बघतोय. कुणाचे केस गेले, कुणाचं पोट सुटलं, कुणाला साखर लागली, कुणाचे गुडघे बोलायला लागले, हे सगळं आपण एकमेकांना तोंडावर सांगून हसलो. एक गोष्ट मात्र कुणी कुणाला सांगितली नाही. ‘तुझ्या तोंडाला वास येतोय’ हे वाक्य या मंडपात एकदाही ऐकू आलं नाही. घरातही येत नाही. बायको नवऱ्याला सांगत नाही, सून सासूला सांगायचा प्रश्नच नाही, आणि विद्यार्थी गुरुजींना तर जन्मात सांगणार नाही. माणूस दुखावेल म्हणून आपण तोंड जरा बाजूला करतो, बडीशेप पुढे करतो आणि विषय बदलतो. माझ्याकडे उशिरा येणाऱ्या पेशंटमध्ये अशी न सांगितलेली माणसं फार असतात.

वास हा काही संस्काराचा प्रश्न नाही. दहापैकी आठ-नऊ जणांच्या तोंडाचा वास पोटातून येत नाही, तोंडातूनच येतो. आपल्याकडे पहिला आरोप पोटावर होतो. मग ओवा, चूर्ण, ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू होतात. खरं कारण बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागावर असतं, नाहीतर हिरडीच्या खाली. तिथे हवा न लागणारे जंतू राहतात. अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी कुजवून ते गंधकाचे वायू तयार करतात. सडलेल्या अंड्याच्या वासातला वायू तो हाच. लवंग, वेलदोडा, तोंड धुवायचं निळं-हिरवं पाणी, यांनी तो वास थोडा वेळ झाकला जातो, जात नाही. झोपेत लाळ कमी सुटते म्हणून सकाळी वास येतो, निरंकार उपासाच्या दिवशीही येतो. त्याची चिंता नको. पण दात घासून दोन तास झाले तरी वास येत असेल आणि तो रोजचाच असेल, तर बघायला हवं.

जीभ साफ करणं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे, आयुर्वेदात दिनचर्येत ती सांगितलेली आहे. पण आज ब्रश घराघरांत पोचला आणि जीभ घासायची पट्टी मात्र मोरीतून गायब झाली. तांब्याची असो की स्टीलची, ती पुन्हा आणा. मागून पुढे, हलक्या हाताने, तीन-चार वेळा. रक्त निघेपर्यंत खरवडायची गरज नाही.

आता आपल्या भागाचं बोलू. आपण लहान होतो तेव्हा घरात दात घासायचे तीन प्रकार होते. म्हातारी माणसं लिंबाची नाहीतर बाभळीची काडी चावायची, कुणी राखुंडीने घासायचं, आणि घरातल्या बाया मिश्री लावायच्या. कुणाकडे तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, भुकटी करून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचं. भाजतानाचा तो वास इथल्या पुष्कळांना आत्ता आठवला असेल, चेहऱ्यांवर दिसतंय. काडीबद्दल माझी तक्रार नाही, चावून नीट कुंचला केला तर ती काम करते. राखुंडी आणि कोळसा दाताचं वरचं कवच झिजवतात. मिश्री मात्र दात घासायची वस्तूच नाही. ती तंबाखू आहे. सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दिवसातून पाच-सहा वेळा लावते, कारण लाव म्हणून सांगतो तो निकोटिन, दात नव्हेत.

तरीही आपल्या आया-आज्यांना व्यसनी म्हणायची माझी तयारी नाही. त्यांच्यापैकी कितीतरी जणींची सुरुवात दाढदुखीने झाली. रात्री दाढ ठणकते, गावात डॉक्टर नाही, शेजारीण म्हणते चिमूटभर तंबाखू धर. तंबाखूने हिरडी बधिर होते, ठणका कमी होतो. दाढ आतून सडत राहते आणि चिमूट कायमची घरात येते. पुरुषांचंही तसंच. जिनिंगवर रात्रपाळी आहे, कापसाची गाडी घेऊन मोंढ्यात रात्र काढायची आहे, झोप येऊ नये म्हणून एक बार भरला, आणि तो तीस वर्षं निघाला नाही. साधी किडलेली दाढ वेळेवर भरली असती तर काही घरांत तंबाखू आलीच नसती. म्हणून दातांची निगा आणि तंबाखू हे दोन वेगळे विषय आहेत असं मी मानत नाही.

2016-17 साली देशभर झालेल्या मोठ्या पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 24 टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरतात असं दिसलं. ओढणारे होते 4 टक्क्यांच्या आत. म्हणजे आपलं दुखणं सिगारेट नाही. आपलं दुखणं मळलेली तंबाखू, मिश्री आणि पुडी. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992पासून देशात बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने 2002 साली बंदी आणली, ती 2004 साली सुप्रीम कोर्टात टिकली नाही, मग 2012 साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा आली आणि अजून आहे. त्यावर पुडीवाल्यांनी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे: पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकाच दोरीला लटकलेल्या. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा 2003चा कायदा आहे. जाताना आपल्या शाळेच्या फाटकापासून एकदा पावलं मोजत जा, एवढंच म्हणतो.

आणि सुपारीला निर्दोष समजू नका. ‘मी तंबाखू खात नाही डॉक्टर, नुसती सुपारी’ हे मी रोज ऐकतो. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली जाहीर केलं आहे. त्याआधी सुपारी आणखी एक गोष्ट करते. गालाची आतली मऊ कातडी ताठ, पांढुरकी, दोरीसारखी होत जाते. आधी तिखट लागल्यावर आग होते. घरचे म्हणतात, याला आता भाजी सपक लागते. मग हळूहळू तोंड उघडणं कमी होतं.

आता सगळ्यांनी एक काम करायचं. सर, तुम्हीसुद्धा. उजव्या हाताची मधली तीन बोटं जोडा, एकावर एक उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून बघा. हात धुतले नसतील तर नुसतं धरून अंदाज घ्या. स्वतःची तीन बोटं बसली पाहिजेत. ज्यांची दोनच बसतात त्यांनी हसण्यावारी नेऊ नका. कुणाकडे बघू पण नका, मीही बघत नाही. ही खोड घरी गेल्यावर पोरांना करून दाखवा. विशेषतः कॉलेजला जाणाऱ्या मुलाला खेळ म्हणून करायला लावा. खिसे तपासून जे कळत नाही ते यातून कळतं.

शरद पवारांचं 2004 साली तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. तंबाखू-सुपारीच्या सवयीची किंमत मोजावी लागली, आणि वेळेवर कुणी सावध करायला हवं होतं, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. आर. आर. आबा 2015 साली याच रोगाने गेले, साठीही गाठली नव्हती. ज्यांच्याभोवती दिवसभर शंभर माणसं असायची त्यांची ही गत. आपल्याभोवती तर चार-पाचच असतात, त्यामुळे त्या चार-पाचांनी बोलणं भाग आहे.

माझ्याकडे एक आजीबाई आल्या होत्या. गाव सांगत नाही. आल्या त्या नातवामुळे. चार वर्षांचं पोरगं मांडीवर बसेना. म्हणालं, ‘आजी, तुझ्या तोंडाचा वास येतो.’ सुनेने कान धरला पोराचा, पण आजींनी ते मनाला लावून घेतलं आणि वासाचं औषध मागायला आल्या. खालचा ओठ ओढून बघितलं तर मिश्री ठेवायच्या जागी पांढरा चट्टा, त्यात एक लाल ठिपका. दुखत काहीच नव्हतं. सुरुवातीला दुखत नाही, हीच तर फसवणूक आहे. तुकडा तपासायला पाठवला, चट्टा काढावा लागला, पण तेवढ्यावर निभावलं. त्या घरात चार मोठी माणसं होती.

म्हणून महिन्यातून एकदा, उजेडात, आरसा घेऊन घरातल्या प्रत्येकाचं तोंड बघा. दोन्ही ओठ उलटून, दोन्ही गाल ताणून, जीभ वर करून आणि दोन्ही कडांनी. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, आणि पंधरा दिवसांत न भरलेली जखम, यांपैकी काही दिसलं की मलम लावत बसू नका. दाताची धार लागून झालेली जखमही पंधरा दिवसांत भरली पाहिजे. परभणीला दाखवा, संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालयही आपल्याला फार लांब नाही. ऑपरेशन लागलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे आधी विचारा. सोडायची इच्छा आहे पण जमत नाही, त्यांच्यासाठी 1800 11 2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, फोनवरून समजावून सांगतात.

नातवंडांचं थोडं. सगळ्यात जास्त वाया जाणारी दाढ कोणती? सहाव्या वर्षी येणारी. ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे, कशाला भरायची’ म्हणतात. ती पडणार नसते. ती सत्तर वर्षं चालवायची असते. पोरगं पहिलीत गेलं की मागे बघा, चार दाढा येताना दिसतील. त्यांच्या खाचा खोल असतील तर डॉक्टर त्या लेप भरून बंद करतात, दुखत नाही. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद. चहा-बिस्कीट दिवसातून चार वेळा देण्यापेक्षा गोड एकदाच, जेवणासोबत द्या. दाताला किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याचा जास्त त्रास होतो.

पेस्ट फ्लोराइडची घ्या, डब्यावर फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लांब वळी मोठ्यांनाही लागत नाही. सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी चुकला तर चालेल, रात्रीचा चुकवू नका. घासून झालं की थुंका, खळखळून चुळा भरून पेस्ट धुऊन टाकू नका. मऊ ब्रश, दोन मिनिटं, आणि भांडी घासल्यासारखं आडवं नाही. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर लगेच मुलाला रागावू नका, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तरी तसं होतं. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, 1.5च्या वर नको. पाणी तपासून घेता येतं.

आपल्या वयाचं बोलायचं तर मुख्य शत्रू हिरडी. ब्रश करताना रक्त येतं म्हणून लोक तिथे घासायचं सोडतात, आणि नेमकं तिथेच किटण वाढतं. साखर असलेल्यांनी दुहेरी लक्ष द्या. साखर वाढली की हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. ‘साफ करून घेतले की दात हलतात’ हा समज कुठून आला माहीत नाही. दात आधीच हलत असतो, किटणाच्या सिमेंटने टिकून असतो. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’, हाही त्याच घरातला. दाढ काढायच्या वयातच चष्मा लागतो, एवढंच त्यांचं नातं.

आणि सर, बाई, तुमच्यासाठी. वर्गात तुम्ही चाळीस वर्षं बोललात, आता बोलणं कमी झालं आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. दिवसभर घोट घोट पाणी घेत जा. कवळी असेल तर रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात नको, तिचा आकार बिघडतो. ती रोज ब्रशने धुवायची आणि खालची हिरडी ओल्या फडक्याने पुसायची. दात नाहीत म्हणून तोंड दाखवायचं थांबवू नका, चट्टा दात बघून येत नाही.

जेवणं झाली की मी आठवीच्या वर्गात बसणार आहे. टॉर्च आणलाय, आरसे आणलेत, हातमोजे आहेत. कुणाचं काय निघालं हे कुणाला सांगणार नाही. खिशातली पुडी बाहेर ठेवून, चूळ भरून या. आणि एकटे येऊ नका, ज्याला बरेच दिवस काही सांगायचं राहिलंय त्याला हाताला धरून घेऊन या.