शेजार घडवावा लागतो



 मी सिंगापूरविषयी चार शब्द सांगणार आहे.

विषुववृत्ताजवळचे हे बेट आपल्या मुंबई शहराहून मोठे आहे. चिनी, मलय आणि भारतीय वंशाचे लोक तेथे पिढ्यानपिढ्या राहतात. इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या चार भाषांना राजमान्यता आहे. वैशाखी पौर्णिमा, ईद, दिवाळी आणि नाताळ या सर्व दिवशी सार्वजनिक सुटी असते.

परंतु हा सलोखा आपोआप आलेला नाही. 1964 साली चिनी व मलय लोकांत दोनदा दंगली उसळल्या आणि 36 माणसे प्राणास मुकली. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. त्याआधी 1961 पासून जुरोंगच्या दलदलीत भराव घालून कारखाने उभारण्याचे काम सुरू झाले होते. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांचा हा वेडेपणा आहे, असे लोक म्हणत. त्याच कारखान्यांनी पुढे हजारो हातांना काम दिले.

कारखान्यात एकत्र आलेली माणसे घरी मात्र आपापल्या वस्तीत परतत. म्हणून 1989 साली सरकारने सरकारी इमारतींत प्रत्येक वंशाच्या कुटुंबांना कमाल मर्यादा ठरवून दिली. हा नियम काहींना जाचतो. अल्पसंख्याक कुटुंबाला घर विकताना गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते. तरीही एकाच जिन्याने चढणारी मुले एकमेकांना ओळखू लागली, हे मोल लहान नाही.

मित्रहो, आता दुसरी बाजू पाहा. या इमारती बांधणारे मजूर भारत, बांगलादेश व अन्य देशांतून येतात. त्यांतले बहुसंख्य वेगळ्या वसतिगृहांत दाटीवाटीने राहतात. 2020 साली कोरोनाची साथ त्या खोल्यांत वणव्यासारखी पसरली आणि वर्षअखेरीस जवळजवळ निम्म्या रहिवाशांना लागण होऊन गेल्याचे आढळले. ज्यांनी शेजार बांधला, त्यांनाच शेजारी मानले गेले नव्हते.

म्हणून माझे नम्र सांगणे एवढेच, की एखाद्या समाजाची एकी मोजायची असेल, तर घरात राहणाऱ्यांबरोबर ते घर बांधणाऱ्यालाही मोजावे.